आप्पांनी दादाला सांगितलेला पासवर्ड

मंडळी, भूत हा प्रकार मी आजवर फक्त लोकांना विकलाय, विकत कधी घेतला नाही. शिंदखेड्याला आजोळी राहून शाळेत होतो तेव्हा वारलेल्या हेडमास्तरांच्या आवाजात संडासामागून खोकायचो, पोरं अर्ध्यात उठून पळायची. नकला हा माझा धंदा नाही, खाज आहे. मार्केटमधला शेठ, सोसायटीचा वॉचमन, आईचं फोनवरचं रडणं... सगळं काढतो. आणि आप्पांचा, म्हणजे माझ्या वडलांचा आवाज तर असा की शेजारचे फसायचे. हे ध्यानात ठेवा, कारण माझी वाट इथेच लागली.

सुरतला डिंडोलीत आमचं घर. खाली आई आणि मी, वर दादा-वहिनी, वर जायला बाहेरून लोखंडी जिना. आप्पा जन्मभर कापडाच्या कारखान्यात लूमवर होते. मशिनींच्या खडखडाटात ऐकू जावं म्हणून तिथे सगळं दोन-दोनदा ओरडून सांगतात. ती सवय घरीही आली. गुडघ्यांमुळे जिना चढायचे नाहीत, खालूनच हाक — "जेवाले ये, जेवाले ये." मागच्या वर्षी गेले.

ते गेल्यावर दादाने चूल वेगळी केली. आईशी बोलणं बंद. ती जिन्यावर भाजीची वाटी ठेवायची, सकाळी ती तशीच असायची, वर मुंग्या. वायफाय मात्र साहेब माझंच वापरायचे. तो कॉम्प्युटरवर साड्यांच्या डिझाईन काढतो, फाईल मार्केटला गेली नाही तर काम हातचं जातं. एका रविवारी ती वाटी बघून माझं डोकं फिरलं. चूल वेगळी ना... मग वायफायही वेगळं.

दुपारची वेळ, आई बाजारात गेलेली. मी राऊटर घेऊन बसलो. सेटिंगमध्ये शिरायचा कंपनीचा पासवर्ड आधी बदलला. बटण दाबून जोडायची सोय बंद केली. पाहुण्यांसाठीचं वेगळं नेटवर्क होतं, तेही बंद. मग वायफायचा पासवर्ड मोबाईलकडूनच बनवून घेतला — नुसते आकडे, लांबलचक, टीव्हीच्या रिमोटने टाकायला सोपे म्हणून. तो मोबाईलमध्येच राहिला, मलाही पाठ नव्हता. टीव्ही जोडला आणि भाकरी घेऊन जिन्यालगतच्या दारात बसलो. आता वरून बोंब येईल म्हणून वाट बघत होतो. मजा येत होती, खोटं कशाला बोलू.

बोंब आली नाही. मोबाईल वाजला — नवीन उपकरण जोडलं गेलं. दादाचा कॉम्प्युटर.

मागोमाग दादा खाली आला. डोळे लाल.

"मरेल बापनी नक्कल करस?"

"कोणी केली आप्पांची नक्कल?"

"जिन्याखालून कोण ओरडलं मग? सात सात, चार चार... एकेक आकडा दोनदा. मी येड्यासारखा टाकत गेलो. लागल्यावर समजलं, तू खाली बसून हसत असशील."

"दादा, घास आहे माझ्या तोंडात. आणि तुला द्यायचाच होता तर मी बदलला कशाला?"

"माझा तमाशा बघायला. आणि ते कांडी कोणी सांगितलं तुला?"

"कोणती कांडी?"

"हा, आता भोळा बन."

पुढचं त्याच्या शिव्यांमधूनच मला कळलं. कांडी म्हणजे लूमवर दोरा गुंडाळलेली बारीक नळी. दादा लहानपणी डबा घेऊन कारखान्यात जायचा, इतका काटकुळा की आप्पा त्याला कांडी म्हणायचे. फक्त तिथे, मशिनीपाशी. मी तेव्हा जन्मलोही नव्हतो. त्या दुपारी पहिली हाक तीच आली होती — "कांडी, कांडी, लिखी ले, लिखी ले."

मी आईची शपथ घेतली. दादा म्हणाला, "शपथ पण दुसऱ्याच्या आवाजात घेशील तू."

आई आल्यावर तिला विचारलं. कांडी हे नाव तिनेही कधी ऐकलेलं नव्हतं. दादाला ते आमच्या दोघांचं नाटक वाटलं. महिना संपायच्या आत तो कोसाडला भाड्याने राहायला गेला. वर कुलूप आहे.

कॉम्प्युटरवाला मित्र म्हणतो, जुनाच पासवर्ड सेव्ह असेल. अरे भाई, जुना राहिलाच कुठे होता? बाकीचे म्हणतात तूच नकळत बोललास. मीही तसं मानून बघितलं. पण न ऐकलेलं नाव आणि पाठ नसलेले आकडे नकळत तरी कुठून येणार?

आईने मात्र आप्पाच आले होते यावर पहिल्या दिवसापासून विश्वास ठेवला, आणि त्याचाच तिला जास्त त्रास झाला. परवा मेथी निवडताना म्हणाली, "उनात, त्याले हाक मारी आनि निंघी गयात? माले एक शब्द बी नही?"

आले तसे गेले, तिच्याशी बोललेच नाहीत म्हणून रुसली होती. मी तर जिन्याला लागून बसलो होतो, जेवत होतो. जेवणाऱ्या माणसाला "सावकाश, सावकाश" म्हटल्याशिवाय आप्पा कधी पुढे गेले नाहीत. मला काहीच ऐकू आलं नाही. मी कुलूप लावलं, त्यांनी दादाला किल्ली दिली, आणि माझ्याकडे बघितलं की नाही तेही मला माहीत नाही.

आता त्यांचा आवाज काढायला जातो तर घशातून माझाच निघतो. पासवर्ड मी बदललेला नाही. त्या दिवशी काय झालं, अजून सांगता येत नाही. ज्यांना सांगता येईल ते दोघेही माझ्याशी बोलत नाहीत.