चटईमागचा खड्डा

नाकिबाएमामा माडावर चढला की गायचा. आमच्या बिकेनमाई बेटावर नीरा काढणारा प्रत्येक माणूस गातो. वर कुणीतरी आहे हे खालून जाणाऱ्या बायकांना कळावं, म्हणून. पण मामाच्या गाण्यात बहुतेक शिव्याच असायच्या. कुणाच्या जावयाला, कुणाच्या डुकराला, आणि मी नोकरीला लागल्यापासून माझ्या खात्याला.

माझं खातं बाहेरची कीड बेटांवर येऊ देत नाही. निदान तसं त्याच्या पाटीवर लिहिलंय. गेंड्या भुंगा एका शेजारी देशाचे माड खाऊन दुसऱ्यात शिरला, तेव्हा पाच देशांनी एकत्र बसून ठरवलं की बेटाबेटावर भुंग्याला वासानं ओढणारे कामगंध सापळे लावायचे, दर आठवड्याला सापडलेल्या भुंग्यांचा आकडा कळवायचा, आणि एकाकडे भुंगा सापडला की बाकीच्यांनी माणसं आणि औषध घेऊन धावायचं. हा भुंगा माडाच्या शेंड्यात शिरून कोंब खातो. कोंब गेला की माड गेला. माड गेले तर बिकेनमाईवर उरणार वाळू आणि आम्ही.

बेटाचा राखणदार म्हणून मी मामाला नेमलं. तो माझ्या आईचा चुलतभाऊ, आणि माडाचा शेंडा त्याच्याइतका जवळून कुणीच पाहिलेला नव्हता.

"मला काय मिळणार?" त्यानं विचारलं.

"टोपी."

"नुसती टोपी? खाली घालायला डोकं पण पाठवा, तुमच्या खात्यात एखादं शिल्लक असलं तर."

पण ती टोपी त्यानं चिंध्या होईपर्यंत घातली. दर शनिवारी राजधानीत, तारावाच्या माझ्या कचेरीत रेडिओवर त्याचा आवाज यायचा, "बिकेनमाई, शून्य." अशी सहा वर्षं गेली. गावातले लोक त्याच्या सापळ्यांच्या पिवळ्या बादल्यांची टिंगल करायचे, "मासा तरी लागला का रे?" तो म्हणायचा, "शून्य धरून ठेवायला अक्कल लागते. तुमचं काम नाही ते."

आकड्यासोबत एक तक्ताही भरायचा असे. कुजलेले ओंडके, पालापाचोळ्याचे ढीग, बाबाईचे खड्डे, जिथे जिथे भुंगा अंडी घालतो ते सगळं तपासलं, अशी खूण करायची. तक्ता मीच बनवला होता, परदेशात प्रशिक्षणाला गेले तेव्हा. मी याच बेटाची मुलगी. खड्ड्यांचा रकाना कुणी खरा भरणार नाही, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. खरं तर कळलं होतं.

बाबाई म्हणजे माणसाहून उंच वाढणारं अळू. खाली गोडं पाणी लागेपर्यंत खणलेल्या खड्ड्यात ते लावतात आणि प्रत्येक रोपाभोवती पानांचं खत कोंबतात. कुठली पानं, किती, कधी, हे बाप मरण्याआधी मुलाच्या कानात सांगतो. खड्ड्याभोवती चटया टांगलेल्या असतात. दुसऱ्याच्या चटईमागे डोकावणाऱ्याशी इथे कुणी सोयरीक करत नाही.

सातव्या वर्षी एका शनिवारी रेडिओवर "बिकेनमाई" एवढंच आलं.

"मामा? ऐकू येत नाहीये."

"तीन," तो म्हणाला.

ठरल्याप्रमाणे सगळे धावले. अकराव्या दिवशी बोट आली. चार देशांची माणसं होती, त्यांचा म्होरक्या सॉलोमन बेटांचा हेन्सली. स्वतःच्या गावचे माड गमावलेला, कमी बोलणारा माणूस. त्यांनी भुंग्याला रोग लावणारं औषध आणलं होतं. मी दुभाषी. सहा दिवस आम्ही ओंडके फोडले, ढीग उपसले, जाळले. सातव्या दिवशी मामाच्या खड्ड्यापाशी हेन्सली थांबला.

"त्या चटईमागे काय आहे?"

मामानं माझ्याकडे पाहिलं.

"अळू आहे," मी म्हटलं. "ते मामा स्वतः तपासतात."

"स्वतः?"

"राखणदार तेच आहेत."

हेन्सलीनं मान डोलावली आणि पुढे गेला. मामा मला आमच्या भाषेत म्हणाला, "शहाणी पोर." इतक्या वर्षांत टोमण्याशिवाय पहिल्यांदाच.

दोन महिन्यांनी मी पुन्हा गेले, तेव्हा मामाच्या खड्ड्याभोवतीच्या माडांच्या झावळ्या कात्रीनं कापल्यासारख्या दिसत होत्या, भुंगा कोंबात शिरल्याची खूण. मामा धक्क्यावरच उभा होता. टोपी नव्हती. "चल," एवढंच म्हणाला.

चटई त्यानंच उचलली. आत त्याच्या बापानं लावलेली बाबाई होती, मामानं आपल्या मुलीच्या, रोतियाच्या लग्नासाठी राखलेली. त्यानं एका बुंध्याचं खत हातानं बाजूला केलं. भुंग्याच्या अंगठ्याएवढ्या पांढऱ्या अळ्या भसाभसा खाली पडल्या.

"किती दिवस आहेत या?"

"गेल्या साली पण होत्या." तो त्यांच्याकडेच बघत होता. "बाबाई अशी फुगली होती गं, मला वाटलं, खत जिवंत झालं. बापाचा हात लागला म्हटलं. आणि विचारणार कुणाला? गुपित ना ते."

आम्ही सगळी बाबाई उपटली आणि खत जाळलं. रोतिया दूर उभी राहून बघत होती. मी हेन्सलीला कळवलं आणि त्या दिवशी खोटं बोलले होते तेही सांगितलं. तो पुन्हा आला, जास्त औषध घेऊन. सापळ्यांतले भुंगे तपासायला पाठवले. उत्तर आलं ते असं की भुंग्याची ही जात त्या रोगाला दाद देत नाही.

"तेव्हाच खड्डा उघडला असता तर?" मी विचारलं.

"तेव्हा ते एकाच जागी होते," हेन्सली म्हणाला आणि उरलेलं औषध बोटीत चढवायला वळला.

आता बेटाच्या उत्तर टोकाला माडांचे नुसते खांब उभे आहेत. मामा दक्षिणेकडच्या चार माडांवर चढतो, पण गात नाही. लोकही त्याची टिंगल करत नाहीत, त्यानं तो अजून खचलाय. मी घरोघरी हात जोडत फिरले, तुमचेही खड्डे दाखवा म्हणून. सगळे प्रेमानं बोलले. भात-मासे वाढले. "आमच्याकडे तसलं काही नाही पोरी, आम्ही बघतो ना." चटया तशाच राहिल्या.

गेल्या शनिवारी रेडिओ लागला.

"बिकेनमाई, दोनशे चौदा."

"मामा, बाकीच्यांचे खड्डे?"

मी पेन्सिल तक्त्यावर टेकवली.

"तपासले," तो म्हणाला.

मी खड्ड्यांच्या रकान्यात खूण केली.