बोटात अठ्ठ्याण्णव, पोटरीत काय?

"पाय म्हातारा झालेला नाही, उपाशी आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि कागदावर लिहिलं, पेरिफेरल आर्टरी डिसीज. म्हणजे पायाला रक्त पुरवणारी धमनी आतून चोंदलेली. बसल्या जागी रक्त पुरतं, चालायला लागलं की कमी पडतं.

मी खिशातून ऑक्सिमीटर काढून बोटाला लावला. प्राणवायू अठ्ठ्याण्णव टक्के! बाई हसल्या. "बोट छान आहे. पण दुखतं कुठे?"

लाजच वाटली. संरक्षण कारखान्यात तीस वर्षं मी सुटे भाग मोजून पास-नापास केले. माप कुठे घ्यायचं यावरून पोरांवर ओरडलो. आणि स्वतःच्या बाबतीत सहा महिने भलत्याच जागी माप घेत बसलो होतो.

मला काळजी होती ती सुनंदाची. काचबिंदूने माझ्या बायकोची नजर जवळजवळ गेली आहे. दर शनिवारी माझा हात धरून चेन्नईच्या टी. नगरमधल्या बाजारातून चालणं, एवढंच तिचं बाहेरचं जग. माझे पाय थांबले की दोघंही घरात.

पोटरीत गोळा आला की मी साडीच्या दुकानापुढे थांबायचो आणि काचेतल्या साड्या तिला सांगत राहायचो. मोरपंखी, डाळिंबी काठाची. गोळा उतरला की पुढे. अलीकडे दर दुकानाला थांबणं होऊ लागलं होतं.

तपासणीच्या दिवशी पोटरीला पट्ट्याने सेन्सर बांधला. निअर इन्फ्रारेड स्पेक्ट्रोस्कोपी, म्हणजे कातडीतून प्रकाश आत सोडून स्नायूत प्राणवायू किती उरलाय ते पाहायचं. खाली ट्रेडमिल, समोर पडदा.

"नडंग, सार," तंत्रज्ञ मुलगी म्हणाली. चाला.

रेघ उतरू लागली. निरोगी पायाचीही सुरुवातीला उतरते म्हणे, पण रक्त वाढतं आणि ती एका पातळीवर टेकते. माझी उतरतच राहिली. बोटावर मात्र अठ्ठ्याण्णव. मी इतका रंगलो की दुखणं विसरून आणखी चाललो असतो, पण मुलीने "पोदुम, पोदुम!", पुरे, पुरे, करत यंत्र थांबवलं. रेघ वर यायला लागली ती मुंगीच्या पावलांनी.

औषधं सुरू झाली, तंबाखू सुटली. सुटली म्हणजे रडतकढत सुटली. बाकी उपाय ऐकून मी चाटच पडलो. दुखेपर्यंत चाला, थांबा, दुखणं गेलं की पुन्हा चाला. बाईंच्या देखरेखीखाली तीन महिने तेच केलं.

पुन्हा सेन्सर बांधला. रेघ उतरली, पण सावकाश, आणि थांबल्यावर लवकर वर आली. "धमनी तशीच आहे," बाई म्हणाल्या, "पण स्नायू मिळेल तो प्राणवायू नीट वापरायला शिकलाय." साठी ओलांडल्यावर आपल्यातलं काहीतरी अजून शिकतंय, याचं मला फार अप्रूप वाटलं.

चालताना पोटरी दुखत असेल आणि थांबल्यावर बरं वाटत असेल, तर वयावर ढकलू नका, डॉक्टरांना दाखवा. मी सहा महिने घालवले.

परवा शनिवारी मी ऐटीत तीन दुकानं ओलांडली. चौथ्यापाशी सुनंदाने माझा हात ओढला.

"थांबा ना."

"अगं, आज पाय दुखत नाहीये," मी बोलून गेलो.

"ते कळलं मला. दुखत होता तेही कळायचं," ती म्हणाली. "साड्या सांगा."