उजवा कौल

देवीवर माझा विश्वास आहे हे सांगायला मला लाज वाटत नाही. त्या विश्वासाच्या जोरावर मी केवढा आळशी झालो होतो, हे सांगताना मात्र वाटते. माझी थोरली लेक यमू पहिल्या बाळंतपणासाठी कल्याणास माहेरी आली होती. आठव्या महिन्यात तिचे तोंड आणि पाय सुजू लागले. घरातल्या बायका म्हणाल्या, माहेरच्या तुपाने पोर भरली. मला ते पटेना, म्हणून देवीला कौल लावला. मूर्तीच्या उजव्या खांद्यावरचे फूल पडले आणि माझा जीव भांड्यात पडला. घरी येऊन साऱ्यांना सांगितले, काळजीचे काही नाही. शाळेत पोरांना गणिताची रीत विचारून भंडावणारा मी मास्तर, पण इथे उत्तर मनासारखे आले म्हणताच पाटी पुसून मोकळा झालो.

ओटी भरायच्या दिवशी हिरव्या बांगड्या भरायला कासारीण आली. आमची नेहमीची बाई तापाने पडली होती, म्हणून तिच्याऐवजी ही ठाण्याची, अगदी अनोळखी. तिने यमूचा हात हातात घेतला आणि बांगड्यांची माळ खाली ठेवली. जुन्या बांगड्या मनगटात रुतल्या होत्या. मग तिने यमूच्या नडगीवर अंगठा दाबला; पडलेला खड्डा भरून येईना. "डोकं दुखतं का गं? डोळ्यांपुढं काजवे चमकतात?" यमूने खाली मान घालून हो म्हटले. आम्ही नवराबायको एकमेकांकडे बघतच राहिलो.

"मास्तर, ओटी राहू द्या," ती म्हणाली. "माझ्या भावजयीचं असंच झालं. झटके आले तर आम्ही म्हटलं, देवी अंगात आली. अंगारा लावत बसलो, नि ती गेली. पोरीला आजच ठाण्याला डाक्तरकडं न्या."

माझ्या बायकोला मुहूर्त मोडणे जिवावर आले. ओटी न भरता पोर उंबऱ्याबाहेर कशी न्यायची, म्हणून ती अडून बसली. मी तिच्यावर रागावलो, तो खरे तर स्वतःवरच. दुपारच्या गाडीने निघालो. वाटेत देवीला म्हणालो, माझे चुकले, आता तू नेशील तिकडे.

डॉक्टरांनी यमूची लघवी काचेच्या नळीत घालून दिव्यावर तापवली. ती नासलेल्या दुधासारखी फाटली. झटके येण्याआधी आणलीत हे बरे केलेत, एवढेच ते बोलले. अंधाऱ्या, शांत खोलीत कुशीवर निजवून तिला नुसत्या दुधावर ठेवले. तीन आठवड्यांनी ती बाळंत झाली. मुलगी लहानखुरी, पण रडणे खणखणीत. पुढे यमूची सूज उतरली, डोळ्यांपुढचे काजवे थांबले, तिने मला दुरूनच ओळखून हाक मारली, आणि मी बाहेर ओट्यावर बसून मनसोक्त रडलो. इतके हलके मला कधी वाटले नव्हते. ती अनोळखी बाई नेमकी त्याच दिवशी का आली, याचा वाद मी घालत नाही. मी हात जोडतो.

घरी परतल्यावर एकदा यमूला विचारले, डोके एवढे दुखत होते तर बोलली का नाहीस? बाळाला थोपटत ती म्हणाली, "तुम्हीच म्हणालात ना अण्णा, कौल उजवा पडला म्हणून. मग दुखतंय असं कसं सांगू?"

शरण जायचे म्हणजे डोळे मिटून बसायचे, असे मी समजत होतो. आता धाकटी बाळंतपणाला आली आहे. रोज सकाळी आधी तिच्यापाशी बसतो, काय दुखते ते विचारतो, आणि मग देवळाची वाट धरतो.