भिंतीवरची सात बोटं

तसबिरीची ती केस आजही माझ्या डोळ्यांसमोर लख्ख उभी राहते. एकोणीसशे तीसच्या आसपासचा काळ असेल. सोलापुरात मी नवखा फौजदार होतो. मिशनच्या बंगल्यातलं तैलचित्र चोरीला गेल्याची फिर्याद पाद्रीसाहेबांनी दिली. चित्र शंभर वर्षांपूर्वीचं, विलायतेतलं. आभाळ काळंभोर, लव्हाळं वाऱ्याने वाकलेलं, उजेड तेवढा टोपलीवर. बायबलातली गोष्ट ती: राजाच्या भीतीने आईने नदीत सोडलेलं तान्हं मूल राजकन्या आणि तिच्या दासी पाण्यातून वर काढतात.

किल्ली रखवालदाराकडे, म्हणून संशय त्याच्यावर. कोठडीत पहिल्याच प्रश्नाला गडी म्हणाला, "म्याच नेलं, साहेब." कुठे ठेवलं विचारलं, की पुन्हा तेच, "म्याच नेलं." असा झटपट कबूल होणारा माणूस बहुधा दुसऱ्याला पाठीशी घालत असतो. पोलिसांपुढची कबुली कोर्टात चालत नाही, पण ती किल्लीच त्याला तुरुंगात धाडायला पुरेशी होती.

मी पुन्हा बंगल्यावर गेलो. रिकाम्या खिळ्याखाली चुन्यावर कुंकवाची बोटं उमटली होती, सात. आमच्या गावच्या विहिरीवर बायका अशीच बोटं ओढतात, साती आसरांसाठी. पाण्यातल्या या सात बहिणी लेकरं ओढून नेतात म्हणून त्यांचा मोठा धाक. चित्रात बायका किती, असं मी पाद्रीसाहेबांना विचारलं. राजकन्या धरून सात, असं ते म्हणाले.

मग खबऱ्याला कामाला लावलं. त्याने बातमी आणली की रखवालदाराची बायको बाळंतपणाला मोहोळकडे माहेरी गेली आहे, आणि गाडीत गोधडीत गुंडाळलेलं काहीतरी चौकोनी होतं. तिची आधीची दोन मुलं दगावली होती.

मी तिच्या माहेरी गेलो, तर मळ्यातल्या विहिरीपाशी आसरांच्या दगडांशेजारी चित्र उभं होतं. ऊन लागू नये म्हणून वर लुगडं बांधलेलं. मी बूट काढले. घरातून तान्ह्या बाळाचं रडणं ऐकू आलं आणि खरं सांगतो, माझा जीव भांड्यात पडला.

नवरा कोठडीत आहे हे तिला ठाऊकच नव्हतं. दारात येऊन ती म्हणाली, "चोरी न्हाय केली, साहेब. बाकीच्या आसरा पोरं नेत्यात. ह्या तसबिरीतल्या माघारी देत्यात की. बारसं झालं की आणून लावणार हुती."

पाद्रीसाहेबांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी रिकाम्या खिळ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "चित्रातल्या मुलाच्या आईनेही एवढंच मागितलं होतं, लेकरू जगावं." बारशापर्यंत चित्र तिथेच राहू द्या, असंही ते म्हणाले. गैरसमजातून घडल्याचा माझा अहवाल मॅजिस्ट्रेटसाहेबांनी मंजूर केला आणि रखवालदार सुटला.

चोरी झाली की काय गेलं, कितीचं गेलं, हे आम्ही विचारतो. नेणाऱ्याला त्यात काय दिसलं, हे विचारायला मी त्या विहिरीवर शिकलो. बारशानंतर रखवालदाराने चित्र स्वतःच्या हाताने खिळ्यावर लावलं. मग खालचं कुंकू पुसायला त्याने फडकं घेतलं, तेव्हा पाद्रीसाहेबांनी ते त्याच्या हातातून काढून घेतलं.