हिरव्यात शिरलेला पांढरा पट्टा

कल्याणच्या रामबागेतले काका नसते तर मी तेव्हाच हिंगोलीकडे, गावी परत गेले असते. हे आधीच लिहून टाकते, कारण पुढे त्यांच्याबद्दल मी मनात काय काय आणलं ते सांगायचंय.

नव्वदनंतरची गोष्ट. सातवीत शाळा सुटलेली. दिवा स्टेशनजवळ तिघींत एक खोली आणि डोंबिवलीच्या एमआयडीसीत बॉयलरचे डायल छापायचं काम. शेठने बजावलेलं, "पुढचा रिजेक्ट जिच्या हातचा, तिने गावाची गाडी धरायची."

काका आमचं गिऱ्हाईक, विमानांच्या मीटरचे निवृत्त फिटर. घरच्या कॉम्प्युटरवर विमान उडवायचे. त्यापुढे लावायला लाकडी पॅनेल बनवत होते. वेग दाखवणारा डायल छापायला ड्रॉइंग दिलं. हिरवा पट्टा, पुढे पिवळा, शेवटी लाल रेघ. पण पांढरा पट्टा हिरव्याच्या आधी सुरू होऊन पार अर्ध्या हिरव्यात शिरलेला! बॉयलरच्या डायलवर एका आकड्यावर दोन रंग म्हणजे माल बाद. मला वाटलं, म्हाताऱ्याने मुद्दाम खोट ठेवलीय, नंतर खुसपट काढेल. मी कोणाला न विचारता पांढरा हिरव्याच्या तोंडाशीच थांबवला.

काका न्यायला आले. डायल बघितला, माझ्याकडे बघितलं आणि गुपचूप पिशवीत टाकला. "रविवारी घरी ये. काकू असते."

शेठला का नाही सांगितलं? मला कशात अडकवायचंय? न जाण्याची जास्त भीती वाटली म्हणून गेले. चपला दाराशी उलट्या, पळायला सोप्या ठेवल्या. काका प्यायल्याशिवाय चहाला हात लावला नाही.

डायल पॅनेलवर बसवलेला. "पंखाची मागची पाती म्हणजे फ्लॅप. उतरताना ती खाली करायची, पण काटा पांढऱ्यात आल्यावरच. जास्त वेगात केली तर मोडतात. आता तुझ्या डायलवर उतरव."

मी इंजिन कमी केलं. काटा हिरव्यातून खाली सरकत पांढऱ्यात आला. फ्लॅपला हात लावेपर्यंत विमानाचं नाक खाली, आणि पडद्यावर नुसती जमीन.

"पाडलंस," काका म्हणाले. "पाती वर असताना हिरव्याखाली विमान तरंगत नाही गं. म्हणून पांढरा आत शिरतो. हिरव्यात असतानाच पाती खाली करता यावीत."

आतून काकू म्हणाल्या, "घाबरू नकोस, हे रोज एक पाडतात!"

तरी सोमवारी काका तोच डायल घेऊन शेठच्या केबिनमध्ये शिरताना दिसले, तेव्हा म्हटलं, संपलं. इतकं गोड बोलून शेवटी हेच. दिव्याच्या खोलीतली माझी ट्रंक डोळ्यांसमोर आली.

शेठ बाहेर आला. "काय गं, काकांचं ड्रॉइंगच चुकलेलं म्हणे. वयाने होतं असं. नवं दिलंय, छापून टाक."

नवं ड्रॉइंग म्हणजे जुनंच होतं. कागदाची घडीसुद्धा तीच.

काकांनी त्याबदल्यात काही मागितलं नाही. मी मात्र महिनाभर वाट बघत राहिले, आता मागतील, मग मागतील. शेठच्या तोंडी ते विसराळू म्हातारे झाले, आणि मी तोंड मिटून पगार घेत राहिले.

काका आता थकलेत. शेठही म्हातारा झालाय. एक दिवस त्याला हाताला धरून रामबागेत नेणार आहे आणि काकांसमोर सांगणार आहे, की ड्रॉइंग बरोबर होतं, चूक माझी होती.