दाढेच्या बांधीतलं पाणी

आता माझीच फजिती माझ्याच तोंडानं काय सांगू तुम्हाला! पण सांगतो. चहा घ्या आधी.

वीस वर्षं तंबाखू-सुपारीचा खर्रा खाल्ला, त्यात खालच्या तीन दाढा गेल्या. चंद्रपूरचे डॉक्टर फोटो बघून म्हणाले, "भाऊ, नवीन दात बसवायले खाली हाडच नाई उरलं. आधी हाडाची भुकटी भरू. चार-पाच महिन्यांत तिनं धरलं, की मग दात."

भरली. वर टाके घातले. "हलू देऊ नका. खर्रा बंद. चूळसुद्धा भरू नका."

आमची शकुंतला तिथंच गरजली, "आता खर्रा दिसला, तं मी चालली माहेरी!"

मी म्हटलं, बघच तू! मला पुन्हा मटण चावून खायचं होतं. हाड धरलंच पाहिजे!

पण धरणार कसं? मूल तालुक्याकडचा, धान पिकवणारा माणूस मी. रोवलेलं रोप धरायचं तर बांधीत, म्हणजे धानाच्या वाफ्यात, पाणी उभं पाहिजे, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. चूळ भरू नका म्हणजे काय? पाणी खळखळू देऊ नका! साचवायला कोण नाही म्हणालं?

झालं. घरी येताच गालात पाणी धरलं. संपलं की नवीन. चार दिवस! सुट्टी फक्त जेवणापुरती आणि झोपेपुरती.

आता तुम्हीच सांगा, गाल फुगलेला, मान वर, बोलणं नुसतं 'उं उं'. असा माणूस दिसला तर आमच्या भागात लोक काय समजतील?

चौथ्या दिवशी शकुंतलेनं मला अडवलंच, "काऊन जी, बोलून नाई राह्यले?"

"उं!"

"खर्रा हाये ना तोंडात? थुका!"

मी जोरात मान हलवली. थुंकतो कसा? बांधी फुटेल ना!

"चला! आता डॉक्टरसमोरच थुका!" तिनं मला ओढत एसटीत बसवलं. त्यात कंडक्टरनं माझा गाल पाहून हात पुढं केला, "भाऊ, थोडासा मले बी द्या ना!"

शकुंतला चंद्रपूरपर्यंत खिडकीकडे तोंड करून बसली.

दवाखान्यात मी थुंकलो. स्वच्छ पाणी! ती बघतच राहिली. मी छाती काढली.

डॉक्टरांनी तोंडात बॅटरी मारली. टाके सैल, अर्धी भुकटी गायब. "पुन्हा भरावी लागते. केलं काय भाऊ तुम्ही?"

मी सगळं सांगितलं, रोवणं, बांधी, उभं पाणी. डॉक्टर पोट धरून हसायला लागले. बाहेरचे पेशंट दारात गोळा झाले.

शकुंतलेनं तोंडावर पदर ओढला आणि माझ्या कानाशी आली, "अवो, लोकं आयकून राह्यले! खर्राच खाल्ला म्हना ना!"