एक्केचाळीस नंबरचा गोऱ्हा

नेदरलँड्समधल्या नायमेखन शहराबाहेरच्या गोठ्याचा मालक, म्हातारा हेन्ड्रिक, पद्मजाला थट्टेनं 'शेणवाल्या बाई' म्हणायचा. रोज सकाळी सायकलवरून आली की ती आधी शेण बघायची. पातळ किती, न पचलेले दाणे किती. मग गव्हाणीत उरलेलं खाद्य तोलायची. पुण्यात मायक्रोबायोलॉजीत एम.एस्सी. झालेली पद्मजा नवऱ्यापाठोपाठ इथं आली, पाच वर्षं घरात बसली, डच शिकली आणि शेवटी पशुखाद्याच्या एका लहानशा कंपनीत ही नोकरी तिनं मिळवली. सासूबाईंना 'गाईंचं काम' एवढंच सांगितलं होतं. हे गोऱ्हे मांसासाठी वाढवतात, हे सांगायचं धाडस काही झालं नव्हतं.

काम म्हणाल तर साधं. साठ गोऱ्हे. निम्म्यांच्या खाद्यात निळ्या झाकणाच्या डब्यातली पूड, निम्म्यांच्या पिवळ्या झाकणाच्या डब्यातली. एकीत पचनाला मदत करणारे जिवंत जिवाणू, दुसरीत काहीच नाही. कुठली कुठली, हे गोठ्यावर कुणालाही कळता कामा नये. कळलं की माणसाला हवं तेच दिसायला लागतं.

आणि पद्मजानं करू नये ते केलं. डबे धुताना तळाशी राहिलेली चिमूटभर पूड घरी आणली आणि दोन वाट्यांतल्या कोमट दुधाला विरजण लावावं तशी लावली. का, ते तिलाही सांगता आलं नसतं. सकाळी निळ्या पुडीची वाटी घट्ट लागली होती. पिवळ्या पुडीचं दूध होतं तसंच होतं.

"ममा, हे खायचं नाही ना?" जुईनं, तिच्या लेकीनं, इंग्रजीत विचारलं.

"नाही गं. गुरांचं आहे."

"मग तू एवढी घाबरलीस का?"

पुढच्या पंधरवड्यात सगळ्यांचं धान्य वाढवलं आणि एक्केचाळीस नंबरच्या गोऱ्ह्यानं खाणं सोडलं. रवंथ थांबली. शेण पातळ, फेसाळ, आंबूस वासाचं. तो पिवळ्या बाजूचा होता.

"डॉक्टर दुपारी येतोय," हेन्ड्रिक म्हणाला. "शेणवाल्या बाई, तुमचंच पोट बिघडल्यासारखा चेहरा झालाय."

निळा डबा हाताशी होता. चमचाभर पूड टाकली असती तर कुणाला कळणार होतं? पण जास्तीच्या धान्यानं आंबलेल्या पोटाला आज चमचाभर जिवाणू देऊन काही होत नाही, हेही तिला ठाऊक होतं. तिनं कंपनीत रुचिरला फोन लावला. डेल्फ्टला पीएच.डी. करून आलेला हा पोरगा तिचा साहेब.

"रुचिर, कुठल्या डब्यात काय आहे ते मला कळलंय."

"कसं काय, ताई?"

"विरजण लावून बघितलं."

तो खळखळून हसला. मग मध्येच थांबला. "मस्करी करताय ना?"

"नाही रे. एक्केचाळीसला चाचणीतून काढ. त्याचं धान्य बंद करू, नुसत्या गवतावर ठेवू. नाहीतर मरेल तो."

"त्याला काढतो. पण तुम्हालाही काढावं लागणार, ताई. आता गोठ्यात पाऊल टाकू नका."

तिला प्रयोगशाळेत बाटल्या धुवायला बसवलं. तिकडे डॉक्टरनं गोऱ्ह्याला पाण्यातून खायचा सोडा पाजला, आणि आठवड्याभरात हेन्ड्रिकचा निरोप आला: रवंथ करतोय. पद्मजानं आनंदानं त्याला फोन केला.

"मग सोडलंस का परत बाकीच्यांत?"

"बाकीचे चाचणीतले. ते उन्हाळ्यापर्यंत राहतील. ह्याला कशाला पोसू? परवा कत्तलखान्याच्या ट्रकनं जातोय."

"अरे, पण बरा झालाय ना तो!"

"म्हणून तर जातोय. आजारी जनावर ट्रकवर चढवू देत नाहीत."

त्यात त्याचं काही चुकत नव्हतं. पद्मजा फोन कानाला लावून उभी राहिली. 

"हॅलो?" हेन्ड्रिक म्हणाला. "आहात का, बाई?"